ब्रॅसीची मूठ

"शेवटचं विचारतो, एबेन. पाथरवट सोमवारी छिन्नी लावणार. वॅटचं नाव दगडावर घालायचं की नाही?"

क्राइटन मास्तर युद्धस्मारकाच्या यादीचा कागद घेऊन दुकानाच्या दारात उभे होते. एबेन लम्सडेन गोल्फच्या काठीच्या दांड्यावर कानस फिरवत राहिला.

"दगडावर मेलेल्यांची नावं घाला. माझा पोरगा हरवलाय."

"पाच वर्षं झाली रे! घरच्यांनी सही दिली की नाव लागतं. आणि नाव लागलं की लोकांची तोंडंही बंद होतील, पोलिसांच्या खेपाही."

लोकांची तोंडं! वॅट आघाडीवरून पळाला असं कुणीतरी बरळलं, आणि साऱ्या पिटकेरी गावाला चघळायला विषय मिळाला. अजूनही दर सहा महिन्यांनी कॉन्स्टेबल येऊन विचारायचा, पत्रबित्र आलं का? सापडला तर तुरुंग ठरलेलाच. एबेनची बायको युफी मात्र दर रविवारी पोराची ताटली मांडायची, आणि एबेन ती मुकाट्याने उचलून ठेवायचा. आत तुटायचं, पण उचलायचा.

"संध्याकाळी येतो," म्हणून मास्तर गेले.

दुपारी टेलफर साहेब आले, अमेरिकेहून सुट्टीवर. हातात लाकडी डोक्याची, तळाला पितळी पत्रा मारलेली काठी.

"मूठ सुटलीय. बोटीत ओल लागली. नवं चामडं गुंडाळून दे. ही माझी दोन नंबरची काठी."

"दोन नंबर?" एबेनचं डोकं फिरलं. "साहेब, हिला ब्रॅसी म्हणतात. स्पून, क्लीक, मॅशी, निब्लिक... आमच्या आज्यापणज्यांनी पोरांसारखी नावं ठेवलीत. नंबर कसले घालता? माझ्या वॅटलाही फौजेत नंबरच दिला होता. हरवला!"

साहेब ओशाळले. "बरं बाबा, ब्रॅसी. बोस्टनजवळ एका एवढ्याशा दुकानात घेतली. मालक मोठा विक्षिप्त, आतून बाहेर यायलाच तयार नाही. सगळं बायकोच बघत होती, कडेवर पोर घेऊन. पण हात काय आहे त्याचा!"

एबेनने मूठ उकलायला घेतली. आधी चामडं, मग खालची कापडी पट्टी. त्याच्या दुकानातली रीत आगळी होती. मूठ गुंडाळण्याआधी कारागिराने उघड्या लाकडावर पेन्सिलीने नाव आणि साल लिहायचं. वॅट लहानपणी हसायचा, "बाबा, चामड्याखाली कोण बघणार?" एबेन म्हणायचा, "जो उकलेल तो."

पट्टी सुटली. दांडा खिडकीपाशी नेऊन एबेन बराच वेळ पाहत राहिला.

"काय रे, किडलाय का?"

"नाही साहेब. शाबूत आहे. अगदी शाबूत."

त्याने नवी पट्टी लावली, त्यावर राळ फासली, चामडं घट्ट आवळलं. टोकाला दोरा बांधला, सोडला आणि पुन्हा बांधला. साहेब पैसे काढू लागले, तर त्याने घेतलेच नाहीत.

संध्याकाळी मास्तर आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत एबेन म्हणाला, "कागद आणा इकडे."

त्याने सही केली. खाली जपून वॅटचं पूर्ण नाव लिहिलं, वॉल्टर लम्सडेन.

"छिन्नी खोल मारायला सांगा," तो म्हणाला. "लांबून वाचता आलं पाहिजे."

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी एबेनचा खांदा दाबला आणि निघून गेले.

मागच्या दारात युफी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मारलंत ना त्याला!" ती किंचाळली. "माझ्या वॅटला तुम्ही आपल्या हातांनी मारलंत! सगळ्या गावासमोर मी एकटी त्याच्यासाठी भांडत होते, आणि तुम्ही... बाप आहात की कोण आहात?"

तिने त्याच्या छातीवर मुठी मारल्या. त्याने मारू दिल्या. मग पुढचं दार लावलं, कडी घातली, आणि तिचं डोकं छातीशी धरलं.

"हळू रडू नकोस, युफी. मोठ्याने रड. कॉन्स्टेबलला ऐकू गेलं पाहिजे." त्याचाही आवाज फुटला. "साहेबांच्या ब्रॅसीच्या मुठीखाली आपल्या वॅटचं अक्षर आहे. नाव, आणि खाली साल. गेल्या वर्षीचं."