मनूचं फोल्डर

संगणक विचारत होता, आधीची फाइल पुसून नवी ठेवू का? गौतमने घाईघाईने ‘नको’ दाबलं.

“काय झालं?” अनुजाने स्वयंपाकघरातून विचारलं.

“तुझं फोल्डर माझ्या फोल्डरवर चढत होतं. मी मनूचं नाव कॅपिटल एमने लिहिलंय, तू स्मॉल एमने. आपल्या संगणकावरच्या लिनक्सला ती दोन वेगळी वाटतात. ह्या नव्या डिस्कला एकच.”

“मग?”

“मग दोन्ही एकात जातात आणि सारख्या नावाचे फोटो उडतात.”

अनुजा ओल्या हातानेच बाहेर आली. तिचा चेहरा बघून गौतमने लगेच तिच्या फोल्डरचं नाव बदललं. “उडाला नाही एकही. बघ, आहेत सगळे.”

ती त्याच्या मागे उभी राहिली. मनू गेली त्या दिवसापासून तिने हा संगणक उघडला नव्हता.

संध्याकाळी वैदेही डिस्क न्यायला येणार होती. तिला ते दोघे कधी भेटले नव्हते. फोनवर ती फार जपून बोलली होती. तुम्हाला त्रास होणार असेल तर राहू दे, असंही म्हणाली होती. तिच्याकडे मॅक संगणक होता. गौतमची जुनी डिस्क मॅकला वाचता येत नाही, म्हणून त्याने दादरहून नवी आणली, दोन्हीकडे चालेल अशी फॉरमॅट केली, आणि रविवार सगळा त्यासाठी मोकळा ठेवला. फायली हजारोंनी होत्या. मनू झोपली की फोटो, उठली की फोटो, नुसती भिंतीकडे बघत बसली तरी फोटो.

ती गेली त्याला दोन वर्षं होत आली होती. पुढच्या काही महिन्यांत नायगावची चाळ पाडायला घेतली आणि ते वडाळ्याला भाड्याच्या घरात आले. अनुजाला ते बरंच वाटलं होतं. इथे शेजारपाजारी कुणाला काही ठाऊक नव्हतं.

कॉपी पुन्हा अडली.

“नावात दोन टिंबं चालत नाहीत म्हणे,” गौतम पुटपुटला. काही फायलींच्या नावात तो वेळ लिहायचा, आणि तास-मिनिटांच्या मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं द्यायचा. त्या सगळ्या परळच्या हॉस्पिटलातल्या होत्या. मनूची छाती भरून यायची. डॉक्टरांना दाखवता यावं म्हणून तो तिच्या श्वासाचे व्हिडिओ घ्यायचा. एका व्हिडिओत तोंडावर वाफेचा मास्क होता, आणि मास्कवरून दोन डोळे कॅमेऱ्याकडे टक लावून बघत होते.

“हे पण द्यायचे?” त्याने विचारलं.

“हेच आधी दे.”

टिंबांच्या जागी आडवी रेघ घालून त्याने सगळी नावं एकदम बदलली. कॉपी पुढे सरकली.

दुपारी मीराबाई आल्या. चाळीत त्या शेजारच्या खोलीत राहायच्या. आता पलीकडच्या गल्लीत. कोथिंबिरीच्या वड्यांचा डबा पुढे करता करता त्यांची नजर पडद्यावर गेली. फोटोत मनू त्यांच्याच मांडीवर बसून त्यांचा चष्मा ओढत होती.

मीराबाईंनी इतक्या दिवसांत तिचं नाव काढलं नव्हतं.

“तेव्हाच म्हणाले होते तुला,” त्या अनुजाला म्हणाल्या, “एवढा जीव लावू नकोस गं.”

“लहान मूल होतं, मावशी. बेताने कसा लावायचा?”

मीराबाई डबा ठेवून तशाच निघून गेल्या.

शेवटी व्हिडिओ उरले. एक आपोआप सुरू झाला. चाळीची गॅलरी, कठड्यावर वाळत घातलेले कपडे, आणि कपड्यांखालून वाकून येणारी मनू. पडली, उठली, हात पुढे करून कॅमेऱ्याकडे धावत आली. “आई! आई!”

गौतमने तो थांबवला.

“हा नको देऊस,” अनुजा म्हणाली.

“वैदेहीने सगळे मागितलेत.”

“हा नको. तिला ऐकून कसं वाटेल?”

गौतमने तो वगळला. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

“तारखा नीट गेल्या ना?” अनुजाने विचारलं. “नाहीतर सगळं आजचंच दिसेल.”

“तशाच ठेवल्यात. ज्या दिवशीचा फोटो, त्या दिवशीची तारीख.”

ती पडद्याकडे बघत राहिली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, “घाल तोही. तिचाच आहे. मी कोण अडवून ठेवणारी?”

सूर्य कलता कलता बेल वाजली. डिस्क हातात घेऊन गौतमने दार उघडलं. अनुजा त्याच्या मागे आली.

वैदेही एकटी नव्हती. तिचं बोट धरून पाचेक वर्षांची एक मुलगी उभी होती. समोरचा एक दात पडलेला. केस छान वळवून बांधलेले.

“हिला घेऊन यावं की नको, खूप विचार केला,” वैदेही म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “दत्तक घेतली तेव्हा संस्थेने एवढंच सांगितलं होतं, पहिली तीन वर्षं ही एका घरी सांभाळायला दिली होती. तुमचा नंबर त्यांनी आत्ता कुठे दिला. तेव्हाचा एकही फोटो नाही हो आमच्याकडे. ही विचारते, आई, मी बाळ असताना कशी दिसायचे? ऊर्वी, नमस्कार कर काका-काकूंना.”

मुलीने शहाण्यासारखे हात जोडले.

अनुजा उंबऱ्यातच खाली बसली. “मनू,” तिने हाक मारली.

मुलीने वळून मागे जिन्याकडे पाहिलं, कोण आलंय ते.