मढ्याचा श्वास

थोरल्या बहिणीला जुळी झाली, त्या वर्षी धाकटी नाट्यशाळेत मढं झाली. वर्षअखेरच्या नाटकात सगळ्यांच्या वाट्याला संवाद आले. हिला अख्खा तिसरा अंक मरून पडायचं काम.

कामं वाटली होती बाईंनी. उभा जन्म रंगभूमीवर काढलेल्या बाई आता पोरांना शिकवायच्या. धाकटीवर त्यांनी पहिल्या दिवसापासून डूख धरलाय, असं ती सांगत फिरायची. तालमीत ती फळ्यांवर पडली की बाई तिच्या पोटावर छत्रीचं टोक टेकवायच्या.

"हललं. मेलेलं माणूस पोट हलवत नाही."

"मग श्वास घेऊ कधी?"

"दुसरं कुणी रडेल तेव्हा. लोक रडणाऱ्याकडे बघतात."

पोरं फिदीफिदी हसायची. तिला येता-जाता खांदा द्यायला धावायची. घरी बापानं बजावलं होतं, हे शेवटचं वर्ष. काही दिसलं नाही तर मुकाट्यानं शिवणाच्या दुकानात बसायचं. काम मोठं आहे, असं ती त्याला सांगून बसली होती.

प्रयोगाला बाप पुढेच बसला. मेलेल्या मुलीच्या आईचं काम खुद्द बाई करणार होत्या. तालमीत त्या खुर्चीत बसूनच आपली वाक्यं म्हणायच्या. धाकटीनं मनाशी ठरवून टाकलं होतं. बाईंनी हंबरडा फोडला की आपण खोकायचं. दुकान तर दुकान, पण म्हातारीचं नाक भर रंगमंचावर कापायचं.

हंबरडा फुटला. बाईंनी केस मोकळे सोडले आणि प्रेक्षकांकडे पाठ करून तिच्यावर कोसळल्या. तिचं तोंड, छाती, पोट, सगळं झाकून गेलं. मेल्यावरसुद्धा दिसू देत नाही ही बया, असं वाटून धाकटीनं खोकला घशाशी आणला.

"घे आता," केसांच्या आतून बाई कुजबुजल्या. "मी झाकलंय."

खोकला जागीच राहिला. तिनं पोटभर श्वास घेतला.

पडदा पडल्यावर बाप विंगेत आला. आधी त्यानं तिचा हात दाबून बघितला. दुकानाचं नाव काढलं नाही. बाई तेवढ्या जाता जाता म्हणाल्या, "तरी दोनदा हललं."

पुढे एका सकाळी बाईंच्या घरी माणसं जमली होती. धाकटी आली, तिनं केस सोडले आणि लोकांकडे पाठ करून बाईंवर ओणवी झाली.

"इथं तरी नाटकं नकोत," बाईंची भाची सगळ्यांदेखत म्हणाली.

धाकटी हलली नाही. "घ्या आता," ती केसांच्या आत म्हणाली, आणि वाट बघत राहिली.

बाई त्या पहाटेच वारल्या होत्या, जुळी पहिलीत गेली त्या वर्षी.