वाडीचा उखाणा

"ताई, तुकोजी नावाचा अर्जच नाही हो!" रेकॉर्ड रूमचे भाऊसाहेब तिसऱ्यांदा म्हणाले. शालननं यादी पुन्हा वरपासून चाळली. वाडी वसवणाऱ्या पणजोबांचं नाव वेशीवरच्या दगडावर कोरायला तिकडे पाथरवट बसला होता, आणि तिला नुसतं वर्ष शोधून कळवायचं होतं.

शेवटी यादी बाजूला सारून ती पडीक जमिनीच्या अर्जांचं बाडच उलटू लागली. एका पानावर बोट थबकलं. अर्जदार गोजराबाई. नवरा आजारी, मूळ गावीच. पुढे नवऱ्याच्या नावाचा रकाना. त्या काळी उखाण्याशिवाय ते नाव कोण घेणार? बिचाऱ्या कारकुनानं ऐकलं तसं उतरवून घेतलं होतं:

'सात डोंगर मागं टाकले, पुढं हाकली गाडी,
तुकोजींचं नाव घेते, वसवीन नवी वाडी.'

शालन ताडकन उठली. अहो, हाच उखाणा तिनं स्वतःच्या लग्नात घेतला होता! घरातल्या प्रत्येकीनं घेतला होता, फक्त नवऱ्याचं नाव बदलून. तो रचला कुणी, हे मात्र एकीनंही विचारलं नव्हतं.

तिनं फोन लावला. "दादा, थांबव त्याला! वाडी पणजीनं वसवलीय, गोजराबाईनं!"

"अगं, 'तुकोजी' कोरून झालं की!"

"असू दे. त्या नावाच्या अलीकडे जागा आहे ना?"

"आहे. का?"

"मग तिथं 'गोजराबाई' कोरायला सांग. बाईच्या नावात नवऱ्याचं नाव मागूनच येतं!"