पंधरावा हिसका

पंधरा.

आकडा मनातल्या मनात म्हणून निरीक्षकांनी स्टिअरिंगवरचा डावा हात मांडीवर सोडून दिला. गाडी फाटकातून एकदाची गल्लीला लागली होती. बायको फाटक धरून उभी होती आणि कुंडीतल्या रोपाकडे बघत रोजच्यासारखी काहीतरी पुटपुटत होती. बरंय, निरीक्षकांना वाटलं. तिचं लक्ष रोपात असतं.

दीड वर्षापूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, वाचा परत आली. डावा हात तेवढा रुसून बसला. पुढे डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली आणि हाताला रोज काम द्या म्हणून सांगितलं. निरीक्षकांनी काम तर दिलंच, वर त्याचं मापही ठेवलं. तीस वर्षं वजनमाप खात्यात दुकानदारांचे काटे तपासण्यात गेलेली. मोजून बघितल्याशिवाय त्यांचा स्वतःच्या तब्येतीवरसुद्धा विश्वास बसत नसे. रोज सकाळी फाटकातलं वळण एकट्या डाव्या हातानं घ्यायचं, आणि चाकाला किती हिसके द्यावे लागले ते वहीत टिपायचं. वही गाडीच्या कप्प्यात, कागदपत्रांच्या खाली. बायकोलाही तिचा पत्ता नव्हता.

सुरुवातीला अकरा हिसके लागायचे. मग नऊ. मग सात. सात लागले त्या दिवशी ते शीळ घालत घरी आले होते. त्यानंतर आकडा उलटा फिरला. आठ, दहा, बारा. दोन्ही हातांनी धरलं तरी चाक जड लागायला लागलं. रबरी चेंडू दाबायचा व्यायाम त्यांनी दुप्पट केला, तरी पालथ्या घड्यावर पाणी. हात हातचा चालला, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पंधरावर गेलो की गाडी विकायची आणि चेंडू फेकून द्यायचा, एवढं मात्र स्वतःशी पक्कं केलं.

दुपारी जेवताना ते म्हणाले, "गाडी विकून टाकतो."

बायकोनं पाण्याचा पेला पुढे सरकवला. "विका. पण आधी गॅरेजला दाखवा. वळताना कण्हते ती."

"ती नाही, मी कण्हतो."

"तुमचं कण्हणं मी पस्तीस वर्षं ऐकतेय, ते मला पाठ आहे. हे वेगळंय. आणि कण्हणारी गाडी घेणार कोण?"

निरीक्षकांनी हात धुतले आणि गाडीची किल्ली उचलली.

गॅरेज एक बाई चालवायची. मनगटं पैलवानाची आणि जीभ फटकळ. ती गाडी आत घ्यायला बसली आणि दारातच थांबली. उतरून तिनं बॉनेट उघडलं, तेलाच्या डबीचं झाकण काढून आत डोकावली, मग खाली वाकून एका नळीवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

"काका, पॉवर स्टिअरिंगचं तेल पार तळाला गेलंय. ही नळी कित्येक महिने झिरपत असणार, थेंब थेंब. पट्टाही सैल पडलाय. अहो, हे चाक तुम्ही फिरवत होतात तरी कसं?"

निरीक्षकांनी वाकून ती ओली नळी बघितली. मग हळूहळू त्यांच्यातला जुना अंमलदार जागा झाला. काट्याचा संशय आला की ते काय करायचे? त्याच्यावर खात्रीचं वजन ठेवून बघायचे. त्यांनी बाईच्या मनगटांकडे पाहिलं.

"पोरी, गाडी बाहेर काढ आणि डावीकडे वळव. पण नुसत्या डाव्या हातानं. उजवा मांडीवर."

"ही कसली परीक्षा?" ती हसली. पण बसली.

निरीक्षक बोटांवर मोजत राहिले. एकोणिसाव्या हिसक्याला वळण अजून बाकी होतं. तिनं उजवा हात लावला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बास! खांदा निखळेल माझा!"

निरीक्षक तिथल्याच एका जुन्या टायरवर बसले आणि त्यांनी उघडपणे डोळे पुसले. ज्या चुकीसाठी त्यांनी आयुष्यभर दुकानदारांना फैलावर घेतलं, ती त्यांनी स्वतः रोज सकाळी केली होती. काटा न तपासता वजनाला दोष दिला होता.

"नीट करून दिली की किंमत चांगली येईल हं," बाई म्हणाली.

"विकतोय कोण?" निरीक्षक म्हणाले.

तिनं नवी नळी बसवली, पट्टा ताणला, तेल भरलं. तेलातले बुडबुडे थांबेपर्यंत निरीक्षकांना चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत बसवलं. त्यांनी ते उजव्या हातानं फिरवलं. डाव्याची परीक्षा घरच्या फाटकातच व्हायला हवी होती.

संध्याकाळी त्यांनी गल्लीत हॉर्न दिला. बायकोनं फाटक उघडलं. निरीक्षकांनी उजवा हात मांडीवर ठेवला आणि सवयीप्रमाणे डाव्या हातानं सगळी ताकद लावून हिसका दिला. मग घाबरत आणखी एक. गाडी गर्रकन वळली आणि फाटकालगतच्या कुंडीचे तुकडे झाले.

निरीक्षक धडपडत खाली उतरले. कुंडी तिच्या जिवाची होती. आता काय सांगावं, कुठून सुरुवात करावी, त्यांना सुचेना.

बायको कुंडीकडे बघतच नव्हती. तिचे डोळे भरून आले होते आणि उजव्या हाताची दोन बोटं तशीच उघडी राहिली होती.

"सकाळी पंधरा होते," ती म्हणाली. "आत्ता दोन."