म्हशीच्या कानातली गोष्ट

“आता घरीच बसायचंय, तर तुमची पुस्तकं वाचून काढीन म्हणतो, मॅडम,” बाबलकाका म्हणाले.

पद्मजाने म्हशीच्या मानेत घातलेली सुई तशीच धरून ठेवली. नळी रक्ताने भरून आली तरी तिच्या ध्यानात आलं नाही.

“झाला ओ,” काकांनी आठवण करून दिली. तेव्हा कुठे तिने सुई काढून कापसाचा बोळा दाबला.

रत्नागिरीच्या त्या पशुरोग प्रयोगशाळेत बाबलकाका तीस वर्षं परिचर होते. उद्या त्यांची निवृत्ती. लॅबमध्ये डॉक्टर पद्मजा शास्त्रज्ञ होती, आणि लॅबच्या फाटकाबाहेर लेखिका. ‘सड्याखालचं राज्य’ ही तिची कादंबरीमाला शाळकरी पोरांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे वाचत. सड्याच्या, म्हणजे माळावरच्या कातळाच्या पोटात वसलेलं राज्य, तिथले शिंगांतून उजेड पाडणारे रेडे, नुसता पाऊस पिऊन जगणारी माणसं. चार भाग आले होते. “हे सगळं सुचतं कुठून?” असं कुणी विचारलं की ती म्हणे, “प्राण्यांच्या निरीक्षणातून.” म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसे.

कारण तिला काहीच सुचलेलं नव्हतं.

रक्त काढताना म्हैस बिथरते. मग कुणी ओरडतं, कुठे चौघे मिळून दाबून धरतात. बाबलकाका दावं सैल सोडून तिच्या कानाशी गोष्ट सांगत. आज पाली गावची म्हैस, उद्या पावस गावची. म्हैस बदलली तरी गोष्ट काल थांबली तिथूनच पुढे जायची. गोठ्याकडची खिडकी पद्मजाच्या टेबलाशेजारी. आधी तिने गंमत म्हणून कान दिला, मग खुर्ची ओढून घेतली, मग जुन्या रिपोर्टांच्या पाठकोऱ्या कागदांवर उतरवून घ्यायला लागली. सात वर्षं हे चाललं. गेली काही वर्षं मात्र काका जुन्याच गोष्टी उगाळत. वय झालं त्यांचं, असं ती धरून चालली होती. पाचवा भाग त्यामुळेच अडला होता, आणि प्रकाशकाला मात्र ‘लॅबचं काम फार आहे’ असं कारण जात होतं.

चोरी ती चोरी. त्यातून ज्याने आपलं मूल सांभाळलं, त्याच्या घरची. ओवी लहान असताना शाळा सुटली की लॅबमध्ये यायची. पद्मजा सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता “मागे काकांकडे जाऊन बस” म्हणायची. काका डब्यातली अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवायचे. हे आठवलं की पद्मजाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ओवी आता पुण्याला नोकरीत होती. स्वभाव बापासारखा कोरडा, कथा-कादंबऱ्यांविषयी बोलणं नाही. पुस्तकांची मुद्रितं मात्र तीच तपासून द्यायची. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायची आणि परत पाठवायची. आवडलं की नाही, एका शब्दानेही सांगायची नाही. दुसऱ्या भागात पद्मजाने थोडं पदरचं घालायचं म्हणून आंधळ्या रेड्याला मारलं होतं. ओवीने समासात ‘हा मरत नाही’ एवढंच लिहून पाठवलं. पद्मजाने मुकाट्याने त्याला जिवंत केलं.

आणि आता काका वाचणार. दोन पानं उलटली की त्यांना सगळं कळणार. पुस्तक दिलं नाही तर त्यांचा मुलगा निलेश मुंबईहून आणून देईल. शिवाय उद्या निरोपाच्या कार्यक्रमात त्यांच्याविषयी चार शब्द बोलायचे होते ते तिलाच. त्यांच्या गळ्यात हार घालून, त्यांच्या चांगुलपणाचं गुणगान गाऊन आपण खाली बसणार, या विचारानेच तिला कसंतरी झालं.

तिने नळीवर चिठ्ठी चिकटवली. हात धुतले. पुन्हा धुतले.

“काका, वाचायच्या आधी एक सांगायचंय.”

“बोला की.”

“त्या पुस्तकांत माझं काही नाही. तुम्ही म्हशींना सांगता ना, त्याच गोष्टी आहेत. मी खिडकीत बसून ऐकल्या आणि माझ्या नावावर छापल्या. तुम्हाला कधी विचारलंसुद्धा नाही. मला माझीच लाज वाटते.”

बोलून टाकल्यावर हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. काका म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यांनी शिवी घातली असती तरी तिने गोड मानून घेतली असती.

“चारी पुस्तकात त्याच?” त्यांनी हळूच विचारलं.

“त्याच. उद्या सगळ्यांसमोर सांगते मी. पुढच्या पुस्तकावर तुमचं नाव येईल. आधीच्यांवरही घालायला लावते.”

“नको ओ मॅडम. माझा नाव नको.” काकांनी मान खाली घातली. पकडले गेले असावेत ते, ती नव्हे, असा त्यांचा चेहरा झाला. “माझ्या नायत त्या. मना कसल्या गोष्टी येतायत? ओवीबायच्या त्या. हितं वैरणीवर बसून मना सांगायची, नि मी आपला म्हशीच्या कानात सांगायचो.”

पद्मजाने गव्हाणीचा कठडा धरला.

“मग मला कधी बोलला का नाहीत?”

“बायनं शपथ घातलेलान. मोठ्यानं सांगा काका, म्हणायची, आई ऐकतेय. पण माझ्या हायत म्हणून बोलू नका हां, नायतर ती ऐकायची बंद होईल.”