मूठभर सुकट

"आई, अजून दोनच चमचे," माया म्हणाली.

जनाबाईंनी तोंड फिरवलं. वाटीत मोड आलेले मूग होते, शिजवून, घोटून, वर लिंबू पिळलेले.

"मुगाशी माझं वैर नाय गं," सासूबाई म्हणाल्या. "पण घास उतरत नाय."

त्यांच्या पायांवर सूज होती आणि अंगात रक्त नव्हतं. प्रोटीन वाढवा, असं कात्रपच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. बजावणं सोपं असतं. जनाबाईंना दूध पचायचं नाही. शेंगदाण्याने अंगावर गांधी उठायच्या. शुगरमुळे गूळ-खजूर बंद, आणि दात तर कधीच गेलेले.

"अंडं, मासे?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"आम्ही शाकाहारी आहोत," मिलिंद आईकडे न बघता म्हणाला होता. डॉक्टरांकडे निम्मी सोसायटी यायची.

शाकाहारी ते दीड वर्षापूर्वी झाले होते, अंबरनाथची चाळ सोडून बदलापूरच्या या सोसायटीत आले त्या दिवशी. गेटवर पाटी होती, 'फक्त शाकाहारी कुटुंबांसाठी'. ज्यांना मांसाहार नको असतो त्यांना नक्की काय नको असतं, हे मिलिंदला चांगलं ठाऊक होतं. आडनाव जाधव, तेवढ्यावर निभावलं. बुद्धाची मूर्ती कपाटात गेली आणि सुकट-बोंबलाचा डबा चाळीतच राहिला.

पाटी लावली होती सेक्रेटरी विष्णुपंत भालेरावांनी. ते बरोब्बर वरच्या मजल्यावर राहायचे. त्यांच्या बायकोचं, काशीताईंचं, जनाबाईंकडे फार लक्ष होतं.

"नाचणीच्या आंबिलीत चमचाभर सोयाबीनचं पीठ घालत जा," त्या सांगायच्या. "डाळ-तांदूळ एकत्र मऊ शिजव. आणि जेवणावर लगेच चहा देऊ नकोस, रक्त भरत नाही त्याने."

स्वतः मसुराचं कढण करून आणायच्या. बाई मनाची चांगली होती, म्हणून तर मायाला तिची जास्त धास्ती वाटायची. काशीताई दारात दिसल्या की तिची नजर आधी कपाटाकडे जायची. संक्रांतीला तर ती हळदीकुंकवाच्या विचाराने घाबरून बसली होती. पण काशीताईच म्हणाल्या, "आम्ही नाही करत ते." सुटले बाई, असं झालं मायाला.

त्यांनी सांगितलेलं सगळं मायाने केलं. जनाबाई दोन चमचे घ्यायच्या आणि तोंड मिटायच्या.

एका दुपारी त्या एकदम उठून बसल्या. "माये, सुकट भाजतंय गं कुणीतरी. जिन्यातून वास येतोय."

"हळू बोला, आई!" मायाने धावत जाऊन दार लावलं. वरून उदाचा वास येत होता. काशीताई रोज दुपारी घरभर धूप फिरवायच्या. "इथे कुठली सुकट?"

"मला काय सुकटीचा वास कळत नाय?" जनाबाईंचे डोळे भरून आले. "एकदा दे गं. तव्यावर भाजायची, मिरची-लसूण घालून कुटायची. भाकरी दुधात नाय, नुसत्या पाण्यात कुस्करून खाईन. दोन भाकऱ्या खाईन."

रात्री मायाने सांगितलं तेव्हा मिलिंदने आधी दार नीट लागलंय का ते बघितलं. मग म्हणाला, "भूक डोक्यात गेलीय तिच्या."

"मग देऊ या ना. काय होईल?"

"बिऱ्हाड उचलावं लागेल. परत चाळीत जायचंय तुला?"

दुसऱ्या दिवशी माया कुणाला न सांगता बाजारात गेली. मूठभर सुकट घेतली, तीन पिशव्यांत गुंडाळली आणि वर मेथीची जुडी ठेवली. गेटमध्येच काशीताई भेटल्या. बोलता बोलता त्या थांबल्या, नाक वर केलं.

"कसला तरी वास येतोय, नाही?" त्यांचा चेहरा उतरला होता. "तुला येतोय का गं?"

मायाने मेथीची जुडी पिशवीत खाली दाबली. "नाही बाई. मला तर नाही येत."

"मग मलाच भास झाला असेल," काशीताई म्हणाल्या आणि घाईघाईने वर गेल्या.

माया मागे वळली. सोसायटीच्या मागच्या कचराकुंडीत तिने पिशवी टाकली, मेथीसकट. त्या संध्याकाळी तिने सासूबाईंना मूगच भरवले आणि त्यांच्याकडे बघायचं टाळलं. स्वतःची तिला मनापासून किळस आली.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी जनाबाई उठल्याच नाहीत.

"गावाला नेतोय," मिलिंदने शेजाऱ्यांना सांगितलं. खरं तर अंबरनाथला न्यायचं होतं, जुन्या चाळीत. तिथे भन्ते येणार होते, तिथे कुणापासून काही लपवायचं नव्हतं. विष्णुपंत त्याच्याबरोबर गाडी बघायला गेले. काशीताई मायासोबत थांबल्या. थोड्या वेळाने त्या पाणी आणायला स्वयंपाकघरात गेल्या.

माया सासूबाईंच्या कानाशी वाकली. निदान आपल्या पद्धतीने निरोप द्यावा म्हणून ओठांतल्या ओठांत तिने मरणाची गाथा म्हणायला घेतली. चाळीत कुणी गेलं की गाथेच्या शेवटी सगळे एका सुरात तीनदा साधु म्हणायचे. इथे तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता.

गाथा संपली.

"साधु, साधु, साधु."

माया दचकून वळली. दारात काशीताई उभ्या होत्या. त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला होता.

मग काशीताईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला, पुढे आल्या आणि मायाला घट्ट जवळ घेतलं. त्यांच्या पदराला उदाचा वास येत होता, आणि उदाखालून भाजलेल्या सुकटीचा.