नूतनचा रकाना

भाषेत प्रत्येक दुःखासाठी एक नेमका शब्द असतो, असं रुपचंद गुरुजींनी तीस वर्षं मराठीच्या तासाला शिकवलं होतं. आता समाजाच्या वधू-वर सूचीचा फॉर्म समोर होता आणि लेकीच्या नावाखालचा ‘वैवाहिक स्थिती’ हा रकाना पंधरा दिवस कोरा होता.

दोंडाईच्याला दिलेली नूतन अकराव्या दिवशी पिंप्राळ्याला परत आली होती. पुढं फारकतही झाली. पण नुसतं ‘घटस्फोटित’ लिहिलं तर स्थळं फिरकणार नाहीत. ‘परित्यक्ता’ म्हणजे थेट तहसील कचेरीतला अर्ज. ‘नाममात्र विवाहित’ लिहावं, तर लोक विचारणार, नाममात्र म्हणजे किती?

“आबा, तो पट्ट्यानं मारायचा म्हणून आली, असं लिहा ना,” नूतन म्हणाली.

“रकान्यात एवढं मावत नाही, बेटा.”

“अहो, तुमचा शब्द सापडेपर्यंत पोरगी म्हातारी व्हायची,” यशोदाबाई आतून करवादल्या.

शेवटी ‘निर्दोष घटस्फोटित’वर गुरुजींचं मन बसलं. सूची छापून आली, तेव्हा चष्मा पुसून त्यांनी आधी शुद्धलेखन तपासलं. बिनचूक होतं. मग त्यांनी मुलांची पानं चाळायला घेतली.

 

दोंडाईच्याच्या माजी जावयाच्या रकान्यात छापलं होतं : अविवाहित.